खोकणारा आणि समाज : क्षयरोगाच्या इतिहासातील एक प्रकरण

१

खोकला ही शरीराची क्रिया आहे. परंतु चार माणसांत ती घडली की ती सामाजिक घटनाही होते. जुन्या मराठी घरात माजघराकडे वळणारा वडीलधारा पुरुष खाकरून आपल्या येण्याची सूचना देई आणि ते खाकरणे मर्यादेचे लक्षण समजले जाई. तोच आवाज रेल्वेच्या डब्यात, दवाखान्याच्या बाकावर किंवा चाळीच्या सामाईक गॅलरीत पुन्हा पुन्हा येऊ लागला म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात निराळाच अर्थ उभा राहतो. शेजारचा मनुष्य सरकून बसतो, कोणी पदर वा रुमाल नाकाशी नेतो, आणि खोकणारा ओशाळून उबळ दाबण्याचा प्रयत्न करतो. या सरकून बसण्याला आणि या ओशाळण्याला इतिहास आहे.

रोगाविषयीचे ज्ञान वाढत गेले तशी लोकदृष्टी बदलत गेली, असे सामान्यतः गृहीत धरले जाते : प्रथम अज्ञान, मग जंतूचा शोध, मग शास्त्रशुद्ध सावधगिरी. क्षयरोगाचा इतिहास या सरळ रेषेस दुजोरा देत नाही. संसर्गाची कल्पना जंतुशास्त्राच्या फार पूर्वीची आहे आणि जंतूचा शोध लागल्यावरही समाजाची नजर दीर्घकाळ भलत्याच ठिकाणी खिळून राहिली. जे डोळ्यांना दिसते आणि ज्यावर हुकूम चालवता येतो, म्हणजे थुंकी, वस्तू आणि व्यक्ती, त्यांवर ती नजर स्थिरावली. सर्वांनी मिळून श्वासात घेतलेल्या हवेकडे लक्ष सर्वांत उशिरा गेले. या विलंबाची किंमत मुख्यतः खोकला लपवणाऱ्या रोग्याने आणि त्याच्या घरातील माणसांनी दिली. या प्रतिपादनाची तपासणी पुढे कालक्रमाने केली आहे.

२

आयुर्वेदाच्या संहितांत या विषयाशी संबंधित अशा तीन भिन्न सूत्रांचा आढळ होतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांची गणना आहे. तीत कुष्ठ, ज्वर आणि नेत्राभिष्यंद यांच्याबरोबर शोष, म्हणजे क्षय, याचाही समावेश असून अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, सहशयन ही संक्रमणाची द्वारे सांगितली आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सद्वृत्ताच्या नियमांमध्ये जांभई, शिंक व हास्य यांच्या वेळी तोंड उघडे ठेवू नये असा निर्देश आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात ज्या नैसर्गिक वेगांचे धारण करू नये म्हणून सांगितले त्यांत खोकल्याचीही गणना केली आहे. श्वासावाटे रोग जातो, तोंड झाकावे, मात्र खोकला दाबू नये, असा या तिन्ही सूत्रांचा एकत्रित आशय होतो. ती एका ग्रंथातील वा एका काळातील नाहीत हे खरे. तथापि खोकणाऱ्याने काय करावे याबद्दलचा एक समतोल विचार या परंपरेत उपलब्ध होता, एवढे त्यांवरून म्हणता येते.

याच परंपरेत दुसरी एक धाराही आहे. राजयक्ष्म्याच्या उत्पत्तीची चरकाने दिलेली कथा चंद्राची आहे. दक्षाच्या कन्यांपैकी एकट्या रोहिणीवर आसक्त झाल्यामुळे चंद्राला दक्षाच्या कोपाने हा रोग जडला. कथेत रोगाचे मूळ वर्तनातील दोषात आहे. रोग्याकडे पाहताना त्याच्या शीलाचा हिशेब मांडण्याची ही रीत पुढे फार टिकली आणि ती केवळ भारतापुरती मर्यादित नव्हती.

युरोपात जंतुशास्त्रापूर्वी दोन परस्परविरुद्ध मते एकाच वेळी नांदत होती. स्पेन व नेपल्स येथे अठराव्या शतकातच क्षय सांसर्गिक मानून रोग्याची नोंद करण्याचे आणि त्याच्या वस्तू जाळण्याचे आदेश निघाले होते. स्पेनमधील आदेश १७५१ चा आणि नेपल्समधील १७८२ चा. उत्तरेकडे, विशेषतः फ्रान्समध्ये, तो आनुवंशिक प्रकृतिदोष समजला जाई आणि कलावंताच्या हळवेपणाशीही त्याचे नाते जोडले जाई. या दोन दृष्टींचा एकाच व्यक्तीला आलेला अनुभव संगीतकार फ्रेडरिक शोपँ याच्या चरित्रात पाहावयास मिळतो. पॅरिसच्या दिवाणखान्यांत खोकणारा शोपँ सन्मान्य पाहुणा होता. १८३८ च्या अखेरीस जॉर्ज सँड या लेखिकेसह तो माजोर्का बेटावर राहावयास गेला तेव्हा त्याच्या रोगाची वार्ता पसरताच घरमालकाने घर सोडावयास सांगितले, आणि त्या मंडळींना वाल्देमोसा येथील मठाच्या खोल्यांत आश्रय घ्यावा लागला. सँडने पुढे त्या हिवाळ्याविषयीच्या आपल्या पुस्तकात बेटवासीयांवर कठोर टीका केली. आजच्या ज्ञानाने पाहता संसर्गाच्या प्रश्नावर बेटवासीयांचे मत अधिक बरोबर ठरते आणि पॅरिसचे चुकीचे. परंतु बरोबर मत असलेल्या समाजाने रोग्याला घराबाहेर काढले व चुकीचे मत असलेल्या समाजाने त्याला आसन दिले, ही विसंगती दृष्टीआड करता येत नाही. योग्य ज्ञानातून योग्य वर्तन आपोआप निष्पन्न होत नाही, हा या प्रसंगाचा बोध पुढील शतकाच्या इतिहासास जसाच्या तसा लागू पडतो.

३

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कोख याने क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला आणि संसर्गाचा वाद तत्त्वतः निकालात निघाला. जंतू एका माणसातून दुसऱ्यात कसा जातो हा प्रश्न मात्र उरला. त्यावर प्रथम प्रबळ झालेले उत्तर वाळलेल्या थुंकीचे होते : थुंकी जमिनीवर वाळते, तिची धूळ होते, ती धूळ श्वासात जाते. या उपपत्तीचा मोठा व्यावहारिक लाभ असा होता की तिच्यामुळे शासनाच्या हाती एक स्पष्ट अपराध आला. खोकण्यास मनाई करता येत नाही, थुंकण्यास येते. १८९६ मध्ये न्यूयॉर्क शहराने सार्वजनिक ठिकाणी थुंकण्यास बंदी केली आणि अमेरिकेतील अन्य शहरांनी तो कित्ता गिरवला. जर्मनीत पेटर डेटवायलर याने १८८९ मध्ये खिशात बाळगावयाची निळ्या काचेची थुंकपात्र-बाटली प्रचारात आणली. तोपर्यंत तस्त किंवा पिकदाणी ही बैठकीतील सामाईक वस्तू होती. आता ती रोग्याची खाजगी वस्तू झाली. बाटली जवळ ठेवणारा शिस्तप्रिय खरा, पण ती खिशातून काढताच त्याचा रोग सर्वांस कळे. म्हणूनच ती जवळ असूनही न वापरणे अनेकांस सोयीचे वाटले असल्यास नवल नाही.

न्यूयॉर्कमध्ये हर्मन बिग्ज यांच्या पुढाकाराने १८९७ पासून डॉक्टरांवर क्षयरोग्याची नोंद कळवण्याची सक्ती आली. या सक्तीला वैद्यक व्यवसायातूनच विरोध झाला. नोंद झालेल्या रोग्याची नोकरी जाईल, त्याचा विमा अडचणीत येईल, शेजारी त्याला टाळतील, असे आक्षेप त्या वेळी घेतले गेले. म्हणजे प्रतिबंधक उपाय आणि त्यामुळे निर्माण होणारी भीती ही दोन्ही एकाच वेळी जन्मास आली. दुसरे असे की, ही नोंद सार्वजनिक दवाखान्यात येणाऱ्या गरिबाची सहज होई. खाजगी डॉक्टरकडे जाणाऱ्या श्रीमंताची नोंद टाळण्याच्या वाटा पुष्कळ होत्या.

याच वर्षी, १८९७ मध्ये, ब्रेस्लाव येथील कार्ल फ्ल्युगे याने बोलताना, खोकताना व शिंकताना तोंडावाटे उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतही जंतू असतात असे दाखवले. यामुळे लक्ष थुंकीवरून खोकल्याकडे वळले. परंतु हे थेंब थोड्या अंतरावर खाली पडतात असा अर्थ घेतला गेल्यामुळे धोका पुन्हा खोकणाऱ्याच्या शरीराभोवतीच्या लहानशा वर्तुळात बांधला गेला. १९१० मध्ये अमेरिकेतील आरोग्याधिकारी चार्ल्स चेपिन यांनी आपल्या बहुपठित ग्रंथात हवेतून दूरवर होणाऱ्या संसर्गाची शक्यता जवळजवळ बाजूस सारली. जुन्या 'दूषित हवे'च्या भ्रमातून लोकांना सोडवणे हा त्यांचा हेतू होता. परिणाम मात्र असा झाला की, खोलीची हवा हा विषय अर्ध्या शतकासाठी गौण ठरला आणि शिष्टाचार हा मुख्य. १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाच्या साथीत शिकागो शहरात उघडपणे शिंकणाऱ्यांना अटक करण्याची तंबी देण्यात आली आणि खोकणाऱ्या प्रेक्षकांनी नाट्यगृहात येऊ नये अशा पाट्या लागल्या. ब्रिटनमध्ये १९४२ पासून आरोग्य खात्याने खोकला व शिंक यांविषयी मोहीम चालवली, तिच्यासाठी एच. एम. बेटमन या व्यंगचित्रकाराने काढलेल्या चित्रांत उघड्यावर शिंकणारा माणूस हास्याचा विषय झाला आहे. अपराधी, बेशिस्त, हास्यास्पद अशी त्याची रूपे बदलली. दोष मात्र त्याच्याच पदरी राहिला.

४

मुंबई इलाख्यात हे विचार कायद्याच्या आणि पाट्यांच्या रूपाने आले. १८९० च्या भारतीय रेल्वे अधिनियमात सांसर्गिक रोग असलेल्या प्रवाशावर निर्बंध होते, आणि १९८९ च्या अधिनियमातही तसे कलम ठेवण्यात आले. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमात सरकारी इमारतींत सूचना लावलेली असता थुंकणे हा अपराध ठरवण्यात आला. 'थुंकू नये' ही पाटी कचेरी, स्थानक व दवाखाना यांच्या भिंतींवर इतकी सर्वपरिचित झाली की ती वाचली जाण्याचेही थांबले.

परंतु जेथे मुंबईचा कामकरी वर्ग खरोखर एकमेकांचा श्वास घेत होता ती जागा कचेरी नव्हती. ती चाळीतील एका खोलीचे बिऱ्हाड ही होती. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे तेथे निजण्याच्याही पाळ्या असत. अशा खोलीत रोग्याला वेगळे ठेवणे म्हणजे कोठे ठेवणे, याचे उत्तर कोणत्याही पाटीवर नव्हते. १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाने ही गोष्ट आकड्यांत मांडून दाखवली. त्या वर्षी ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. साथीतील मृत्यूचे दर हजारी प्रमाण युरोपीयांत ८.३ होते, तत्कालीन नोंदींत ज्यांना 'खालच्या जातींचे हिंदू' म्हटले गेले त्यांच्यात ते ६१.६ होते. रोगाची बाधा सर्वांना झाली. मरण मात्र घर, अन्न आणि शुश्रूषा यांच्या प्रमाणात वाटले गेले. या साथीत खोकणारा मनुष्य क्षयरोग्याप्रमाणे एकटा पडला नाही, हेही लक्षणीय आहे. घरोघर खोकला असल्यामुळे कोणी कोणाला वेगळे काढावे हा प्रश्नच उरला नव्हता. शहरातील निरनिराळ्या ज्ञातिसंस्था व सेवासंघ औषध आणि दूध घेऊन वस्त्यांत गेले. कलंकासाठी रोगाची तीव्रता पुरेशी नसते. रोगी अल्पसंख्य व ओळखता येण्याजोगा असावा लागतो, असे यावरून अनुमान काढता येते.

क्षयरोग्यासाठी त्या काळी सांगितला जाणारा मार्ग म्हणजे गावापासून दूर असलेले आरोग्यधाम. पाचगणी व मिरज ही नावे महाराष्ट्रात या अर्थाने रूढ झाली. कोरडी हवा, विश्रांती, दूध आणि अंडी यांचा हा उपचार ज्यांना परवडे त्यांच्यासाठी होता. खाटांची संख्या रोग्यांच्या मानाने नगण्य होती. त्यातही त्याचा सामाजिक परिणाम दुहेरी झाला. रोग्याला निवांत जागा मिळाली, पण 'पाचगणीस जाऊन आलेला' हे शब्द लग्नाच्या बोलाचालीत अडसर होऊन बसले. घरातील स्त्री रोगी असेल तर तिला माहेरी पोचवणे हाच कित्येकदा उपचाराचा आरंभ आणि शेवट असे.

५

या साऱ्या व्यवस्थेचा पाया तपासून पाहणारे निर्णायक प्रयोग स्वातंत्र्योत्तर भारतात झाले ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. १९५६ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांच्या सहकार्याने मद्रास येथे क्षयरोग-औषधोपचार केंद्र स्थापन झाले. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९३ रोग्यांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात व दुसऱ्याला त्याच्या स्वतःच्या घरी, बहुधा दाट वस्तीतील अपुऱ्या घरी, वर्षभर तीच औषधे देण्यात आली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आरोग्यधामातील ९२ टक्के व घरच्या गटातील ८६ टक्के रोग्यांचा रोग वर्षअखेर शांत झाला होता. घरच्या माणसांवर पुढे पाच वर्षे लक्ष ठेवण्यात आले. घरी उपचार घेणाऱ्या रोग्यांच्या कुटुंबीयांत रोगाचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. जो संसर्ग व्हावयाचा तो बहुतांशी निदानापूर्वीच, रोग ओळखला गेला नसताना, होऊन गेलेला असतो असा त्याचा अर्थ होता. औषध सुरू झाल्यानंतर रोग्याला घराबाहेर काढण्यास शास्त्रीय आधार उरला नाही.

याच सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर येथे रिचर्ड रायली व त्यांचे सहकारी, विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या सूक्ष्म-बिंदुकणांच्या उपपत्तीची परीक्षा घेत होते. क्षयरोग्यांच्या कक्षातील हवा नळीवाटे गिनीपिगांच्या कोठडीत सोडण्यात आली. रोग्याचे तोंड वा थुंकी यांच्याशी कोणताही संबंध न येता प्राणी रोगग्रस्त झाले. तीच हवा जंबुपार किरणांतून नेली असता ते निरोगी राहिले. शिवाय सर्व रोगी सारखे संसर्गकारक नसून थोड्याच रोग्यांकडून बहुतेक संसर्ग होतो, आणि उपचार सुरू झालेल्यांकडून तो फार कमी होतो, असे आढळले. कोखनंतर सुमारे ८० वर्षांनी प्रश्न थुंकीवरून हवेकडे आला.

तिसरा अभ्यास लोकदृष्टीविषयीचाच होता. अशिक्षित ग्रामीण जनता खोकल्याकडे दुर्लक्ष करते असे नियोजनकार मानून चालले होते. बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतर्फे डी. बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी म्हैसूर राज्यातील तुमकूर जिल्ह्यात केलेल्या पाहणीने १९६३ मध्ये हे गृहीतक उलटवले. क्षयग्रस्त आढळलेल्या जवळजवळ सर्वांना आपल्या लक्षणांची जाणीव होती, आणि निम्म्याहून अधिक लोक उपचारासाठी कोठे ना कोठे जाऊनही आले होते. दवाखान्यांनी त्यांची बहुधा खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन बोळवण केली होती. रोगी बोलत होता. ऐकणारी व्यवस्था नव्हती. १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सामान्य दवाखान्यांतच निदान व उपचार व्हावेत या तत्त्वावर उभारला गेला त्यामागे बंगलोरच्या या संस्थेचे संशोधन होते.

६

शास्त्राने १९६० च्या सुमारास दिलेली ही उत्तरे लोकव्यवहारात किती उतरली याची परीक्षा २०२० मध्ये झाली. करोनाच्या साथीच्या आरंभी भारतातील कोट्यवधी दूरध्वनींवर संभाषणापूर्वी वाजणारी सरकारी सूचना खोकल्याच्या आवाजाने सुरू होत असे. खोकला हे भयसूचक चिन्ह म्हणून इतक्या व्यापक प्रमाणावर पूर्वी कधी प्रसृत झाले नसावे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र शासनाने सार्वजनिक ठिकाणी थुंकणे दंडनीय ठरवले. म्हणजे १८९६ चा उपाय पुन्हा पुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेने आरंभी हा रोग हवेतून पसरत नाही असे सांगितले होते. दूरवर हवेतून होणारा संसर्ग तिच्या माहितीपत्रकात स्पष्टपणे मान्य होण्यास २०२१ चा एप्रिल उजाडला. थेंब, अंतर आणि शिष्टाचार यांची १९१० ची चौकट किती खोल रुजली होती याचा हा पुरावा होय.

या काळात क्षयरोगाचे काय झाले हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. भारतात २०१९ मध्ये २४.०४ लाख क्षयरोग्यांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८.०५ लाखांवर आली. रोग कमी झाला नव्हता. टाळेबंदी, प्रवासाच्या अडचणी व करोनाकडे वळवलेली यंत्रणा यांमुळे रोगी नोंदीपर्यंत पोचले नाहीत. खोकला झाला असे सांगणेच ज्या वर्षी धोक्याचे वाटत होते, त्या वर्षी तो सांगण्याचा संकोचही वाढला असणार. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी कोठेही उपचार घेतले नव्हते असे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्यांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केल्याचे कारण दिले. तुमकूरची पाहणी निदान झालेल्या रोग्यांची होती व ही लक्षणे असलेल्या सर्वांची, म्हणून दोन्ही आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. तरीही 'दुर्लक्ष' या उत्तरात दवाखान्याचा पूर्वानुभव, बुडणारी मजुरी आणि लोकलज्जा यांपैकी कशाचा किती वाटा आहे, हे बॅनर्जी व अँडरसन यांच्या पद्धतीने पुन्हा विचारणे अगत्याचे आहे.

याच पाहणीने आणखी एक गोष्ट उघड केली. सापडलेल्या क्षयरोग्यांपैकी ४२.६ टक्के रोगी क्ष-किरण तपासणी नसती तर निसटले असते, कारण त्यांना पाहणीत विचारलेली लक्षणे नव्हती. डब्यात ज्याच्यापासून सरकून बसावे असा खोकणारा मनुष्य कदाचित उपचार घेत असलेला व निरुपद्रवी असेल. ज्याच्या शेजारी निश्चिंत बसावे तो न खोकणारा मनुष्य रोगी असू शकेल. कान आणि डोळे यांच्या भरवशावर उभारलेली लोकदृष्टी रोगाचा माग काढण्यास अपुरी पडते.

एकंदर पुराव्यावरून पुढील निष्कर्ष संभवतात. पहिला, खोकणाऱ्याविषयीची भीती जंतुशास्त्रामुळे निर्माण झाली नाही. जंतुशास्त्राने तिला भाषा व कायदा दिला. दुसरा, बंदी, नोंद व पाटी हे उपाय ज्यांना पर्यायी जागा नव्हती त्यांच्यावर अधिक कठोरपणे पडले. तिसरा, ज्या उपायांनी संसर्ग प्रत्यक्ष घटला, म्हणजे लवकर निदान, नियमित औषध आणि खेळती हवा, त्यांना रोग्याचे सहकार्य लागते. आणि लाजवलेला रोगी सहकार्य करीत नाही, तो खोकला लपवतो. मद्रासच्या केंद्राने दाखवून दिले की सर्वाधिक धोका निदानापूर्वीच्या काळात असतो. तो काळ लांबवणारी प्रत्येक गोष्ट, मग ती दवाखान्यातील अनास्था असो वा शेजाऱ्याची नजर, संसर्गाच्या कारणांत गणली पाहिजे. महाराष्ट्रातील चाळी, गिरणगाव, आरोग्यधामे व जिल्हा रुग्णालये यांच्या जुन्या दप्तरांचा या दृष्टीने शोध अद्याप पुष्कळ व्हावयाचा आहे. त्या दप्तरांत रोग्यांची संख्या सापडेल. रोगी पहिल्या खोकल्यानंतर किती महिन्यांनी दाराशी आला, हा रकाना आधी पाहावा.